परवान्याची अट गेली, शिकण्याची नाही

अमेरिकेतील पन्नासपैकी २९ राज्यांत आज कपड्याआड पिस्तूल बाळगून फिरायला परवाना लागत नाही. टेक्सासने ही अट सप्टेंबर २०२१ मध्ये काढली, जॉर्जियाने २०२२ मध्ये, फ्लोरिडाने २०२३ मध्ये. दक्षिण कॅरोलायना आणि लुइझियाना २०२४ मध्ये या यादीत आली. ह्यूस्टन, डॅलस, अटलांटा, टॅम्पा या शहरांत मराठी कुटुंबे वर्षानुवर्षे राहत आहेत. कोणी रात्री उशिरा दुकान बंद करून घरी निघतो, कोणी रुग्णालयातली रात्रपाळी संपवून एकटीच गाडीकडे चालत जाते. ‘एखादे छोटे पिस्तूल जवळ ठेवावे का?’ हा प्रश्न अशा घरांत निघतो आणि निघाला की चर्चा दोन टोकांना जाते. एकाच्या मते शस्त्राचे नावही घरात नको. दुसऱ्याच्या मते दुकानात जावे, आवडेल ते घ्यावे, खिशात टाकावे आणि निर्धास्त व्हावे.

शस्त्र घ्यावे की घेऊ नये, हे आम्ही कोणाला सांगणार नाही. ते ज्याचे त्याने, आपल्या गरजेनुसार आणि आपल्या राज्याच्या कायद्यानुसार ठरवावे. पण ‘खिशात टाकावे आणि निर्धास्त व्हावे’ हा समज मात्र खोडून काढायलाच हवा. परवाना गेला तेव्हा अनेक राज्यांत त्याच्यासोबतचा शिकवणीचा वर्ग आणि नेमबाजीची चाचणीही गेली. सरकार जे तपासत होते, ते आता पिस्तूल बाळगणाऱ्याने स्वतःच तपासायचे आहे. आणि ज्या वस्तूसाठी ही तपासणी सर्वांत जास्त लागते, नेमकी तीच, म्हणजे सर्वांत लहान पिस्तूल, नवखा माणूस सर्वांत आधी उचलतो.

अमेरिकेच्या संविधानातील शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी दुरुस्ती १७९१ची आहे. पण लपवलेल्या शस्त्राकडे तिथला कायदा बराच काळ संशयानेच पाहत आला. न्यूयॉर्कने १९११ मध्ये सलिव्हन कायदा करून लहान शस्त्रांसाठी परवाना सक्तीचा केला. व्हरमाँटसारख्या राज्याने परवाना कधीच मागितला नाही, पण तो अपवाद होता. चित्र पालटले ते फ्लोरिडाच्या १९८७च्या कायद्यापासून. अर्जदार अटींत बसत असेल आणि त्याने प्रशिक्षण घेतले असेल, तर अधिकाऱ्याने परवाना दिलाच पाहिजे, ही फ्लोरिडाची पद्धत एकामागून एक राज्यांनी उचलली. कपड्याआड शस्त्र बाळगायला मुळात परवानगीच नसलेल्या राज्यांपैकी इलिनॉयने सर्वांत शेवटी, २०१३ मध्ये, न्यायालयाच्या आदेशानंतर ती दिली. पण देताना त्याने सोळा तासांच्या प्रशिक्षणाची अट घातली. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची ‘खास गरज सिद्ध करा’ ही अट घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर न्यूयॉर्कने वर्गातले सोळा तास आणि प्रत्यक्ष गोळीबाराचे दोन तास सक्तीचे केले. म्हणजे एकाच देशात एका राज्यात अठरा तासांची शिकवणी आहे आणि दुसऱ्या राज्यात शून्य. गोळी मात्र दोन्हीकडे सारखीच सुटते.

कायदा बदलत होता तशी वस्तूही बदलत गेली. खिशात मावणारे शस्त्र नवे नाही. १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांची हत्या झाली ती हेन्री डेरिंजरच्या एकबारी खिशातल्या पिस्तुलाने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन ब्राउनिंग यांनी जाकिटाच्या खिशात बसणारी अर्धस्वयंचलित पिस्तुले रचली. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने ‘चीफ्स स्पेशल’ हे पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्वर आणले आणि पुढची कित्येक वर्षे साध्या वेशातल्या पोलिसांपासून दुकानदारांपर्यंत अनेकांच्या कमरेला त्याच घराण्यातले रिव्हॉल्वर असे. बाळगण्याचे परवाने वाढले तसा बाजार लहान पिस्तुलांकडे वळला. २००८ मध्ये रूगरचे एलसीपी आले. वजन जेमतेम २७० ग्रॅम. २०१८ मध्ये सिग सावरच्या पी३६५ने अर्ध्या किलोच्या आसपासच्या चपट्या पिस्तुलात नऊ मिलिमीटरच्या दहा गोळ्या बसवल्या आणि सगळ्या स्पर्धकांना त्या मापावर यायला लावले.

इतकी लहान, इतकी हलकी वस्तू म्हणजे वापरायलाही सोपी, असे पाहणाऱ्याला वाटते. इथेच फसगत होते. गोळी ज्या जोराने पुढे जाते, त्याच प्रमाणात शस्त्राला मागे रेटते. शस्त्र जड असेल तर तो रेटा त्याच्या वजनात बराचसा जिरतो. हलके असेल तर थेट तळहातात आणि मनगटात उतरतो. मूठ आखूड असल्याने करंगळीला पकडायला जागा उरत नाही. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधले अंतर कमी, त्यामुळे हाताची किंचित चूकही निशाणावर मोठी होऊन दिसते. नळी आखूड असल्याने गोळीचा वेग घटतो, आवाज आणि नळीच्या तोंडचा जाळ मात्र वाढतो. पूर्ण आकाराच्या पिस्तुलाने दहा यार्डांवरच्या कागदी निशाणावर तळहाताएवढ्या जागेत गोळ्या बसवणारा माणूस खिशातल्या पिस्तुलाने त्याच अंतरावर ताटाएवढ्या जागेत त्या विखुरतो. अनुभवी प्रशिक्षक सांगतात की सर्वांत लहान पिस्तूल हे जाणत्या हातांचे शस्त्र आहे. दुकानदार मात्र अनेकदा तेच पिस्तूल नवख्या ग्राहकापुढे ठेवतो, विशेषतः ग्राहक स्त्री असेल तर. तिच्या हाताला ते ‘शोभते’ हे कारण त्यासाठी पुरेसे नाही.

म्हणून निवड करताना आधी आपला हात पाहावा. मूठ धरल्यावर तर्जनीचे पहिले पेर चापावर सरळ, न ताणता पोचते का? स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण मागे ओढता येते का, आणि सलग दहा वेळा येते का? लहान पिस्तुलाची स्प्रिंग मोठ्यापेक्षा ताठ असते. संधिवाताने बोटे आखडलेल्या साठीच्या माणसाला ती ओढवतच नाही. अशा माणसाला रिव्हॉल्वर सुचवले जाते, कारण त्यात स्लाइड ओढावी लागत नाही. पण रिव्हॉल्वरचा चाप ओढायला पाच किलोंच्या आसपास जोर लागतो, बहुतेक आधुनिक पिस्तुलांच्या साधारण दुप्पट. जड चाप चुकून ओढला जाण्याची शक्यता कमी, हा त्याचा गुण; आणि ओढताना नेम हलतो, हा दोष. पाच गोळ्या संपल्यावर पुन्हा भरायला वेळही अधिक लागतो. दोन्हींचे आपापले हिशेब आहेत आणि ते दुकानाच्या काउंटरवर उभे राहून सुटत नाहीत. बहुतेक मोठ्या शूटिंग रेंजवर पिस्तुले भाड्याने मिळतात. विकत घेण्याआधी तीन-चार प्रकारांतून प्रत्येकी पन्नासेक गोळ्या झाडून पाहाव्यात. तिसाव्या गोळीला हात दुखू लागला तर त्या पिस्तुलाचा सराव आपल्याकडून होणार नाही, हे तिथेच कळते. लपवायला सोयीचे सर्वांत लहान पिस्तूल घेण्याऐवजी, लपवता येईल असे सर्वांत मोठे पिस्तूल घ्यावे, हा जुना सल्ला आजही खरा आहे.

पिस्तुलाइतकेच लक्ष होल्स्टरकडे, म्हणजे त्याच्या म्यानाकडे, द्यावे लागते. चांगल्या होल्स्टरकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते: चाप पूर्ण झाकलेला असावा, पळताना-वाकताना शस्त्र निसटू नये, आणि पिस्तूल बाहेर काढल्यावरही होल्स्टरचे तोंड उघडे राहावे, म्हणजे परत ठेवताना ते चाचपडावे लागू नये. अपघाताने सुटलेल्या पुष्कळ गोळ्या पिस्तूल परत ठेवतानाच सुटतात. शर्टाचे टोक किंवा जाकिटाची दोरी चापाच्या कडीत अडकते, माणूस सवयीने पिस्तूल खाली दाबतो आणि गोळी मांडीत जाते. खिशात बाळगायचे असेल तर खिशासाठी बनवलेले होल्स्टर हवे, आणि त्या खिशात दुसरे काहीही नको. किल्ली नको, नाणे नको, पेन नको.

पर्समध्ये पिस्तूल ठेवण्याबद्दल तर स्पष्टच बोलले पाहिजे. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातल्या हेडन या गावी, वॉलमार्टच्या दुकानात एक तरुण आई खरेदी करत होती. ती शास्त्रज्ञ होती, शस्त्रे हाताळायची तिला सवय होती, परवाना होता, आणि पर्सही पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली होती. तिच्या दोन वर्षांच्या मुलाने त्या पर्सची झिप उघडली, पिस्तूल हाती घेतले, आणि एका गोळीने आईचा जीव गेला. निष्काळजी म्हणून या बाईकडे बोट दाखवता येत नाही. म्हणूनच ही घटना अधिक अस्वस्थ करते. अंगापासून वेगळे झालेले शस्त्र दर मिनिटाला आपल्या नजरेत राहत नाही. पर्स खुर्चीला अडकते, ट्रॉलीत राहते, मुलाच्या हाताशी येते. घरात लहान मूल असेल तर शस्त्र एक तर अंगावर असावे, नाहीतर कुलपात. तिसरी जागा नाही.

आता देखभाल. अंगावर बाळगलेले पिस्तूल झाडले जात नसले तरी रोज मळते. शरीराची ऊब आणि घाम त्याला दिवसभर लागतो. ह्यूस्टन किंवा टॅम्पाच्या उन्हाळ्यात एका आठवड्यात स्क्रूच्या डोक्यावर तांबूस गंज दिसू लागतो. खिशातली सुताची लव नळीच्या तोंडाशी, घोड्याच्या फटीत, मॅगझीनच्या ओठांवर साचते. पिस्तूल शेवटचे कधी झाडले हे आठवून साफसफाईची तारीख ठरवू नये. न झाडताही महिन्यातून एकदा तरी ते उघडून पुसावे.

साफ करायला बसताना काडतुसे त्या खोलीत नसावीत, हा पहिला नियम. मग आधी मॅगझीन, म्हणजे काडतुसांची डबी, काढायचे आणि त्यानंतर स्लाइड मागे ओढायची. हा क्रम उलटला तर काय होते ते नीट समजून घ्यावे. मॅगझीन आत असतानाच स्लाइड ओढली, की चेंबरमधले, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी झाडायला तयार असलेले, काडतूस उडून टेबलावर पडते. ते डोळ्यांना दिसते, म्हणून माणूस निश्चिंत होतो. पण स्लाइड पुढे सरकताना मॅगझीनमधले वरचे काडतूस चेंबरमध्ये ढकलते. त्यानंतर मॅगझीन काढले तरी पिस्तूल भरलेलेच राहते. त्यातच ग्लॉकसारखी काही पिस्तुले खोलण्यासाठी आधी चाप ओढावाच लागतो. ‘रिकामे होते हो!’ असे म्हणत रुग्णालयात पोचलेल्या अनेकांची गोष्ट एवढीच असते. म्हणून मॅगझीन काढावे, स्लाइड ओढून मागे अडकवावी, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे, आणि मग करंगळी घालून चाचपावे. मघाशीच पाहिले होते, हे कारण चालणार नाही. पिस्तूल हातातून खाली ठेवले की पुढच्या वेळी सगळे पुन्हा करायचे.

पुढचे काम फारसे अवघड नाही. द्रावणात भिजवलेला ब्रश नळीतून चेंबरच्या बाजूने फिरवावा, मग कापडाचे तुकडे स्वच्छ बाहेर येईपर्यंत घालावेत. स्लाइड ज्या पट्ट्यांवरून सरकते त्यांवर तेलाचा एकेक थेंब पुरतो. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, असे नसते. जादा तेल लव आणि धूळ धरून ठेवते, आणि तेच तेल काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीत झिरपले तर गरजेच्या क्षणी गोळी न सुटण्याचा धोका असतो. रिव्हॉल्वरमध्ये चक्राच्या मागच्या ताऱ्याच्या आकाराच्या भागाखाली न जळलेल्या दारूचे कण साचतात. चिमूटभर कणांनीही चक्र फिरेनासे होते, म्हणून तो भाग उचलून खाली ब्रश फिरवावा. झाडलेल्या शस्त्रावर शिशाचे अंश असतात. काम खिडकी उघडी ठेवून करावे, स्वयंपाकाच्या ओट्यावर कधीही करू नये, आणि संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलाला उचलू नये.

दोन झिजा डोळ्यांना सहज दिसत नाहीत. पहिली स्प्रिंगची. लहान पिस्तुलाच्या स्प्रिंगला कमी जागेत जास्त काम असल्याने ती मोठ्या पिस्तुलापेक्षा लवकर थकते. किती गोळ्यांनंतर बदलायची ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. त्यासाठी झाडलेल्या गोळ्यांची नोंद वहीत ठेवावी. दुसरी झीज काडतुसाची. रोज रात्री पिस्तूल रिकामे करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये भरले, तर दर वेळी त्याचे टोक आपटून गोळी कवचात किंचित आत सरकते. आतली जागा घटते आणि झाडताना दाब धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतो. नव्या काडतुसाशेजारी जुने उभे करून लांबी ताडून पाहावी. आखूड दिसले तर ते बाजूला काढावे. बाळगण्याची काडतुसे ठरावीक काळाने सरावात झाडून संपवावीत आणि नवी भरावीत. नवे पिस्तूल तर निदान दोनशे गोळ्या, आणि त्यांत बाळगायच्या प्रकारच्या काही, न अडता झाडल्याशिवाय विश्वासाला पात्र मानू नये.

सरावाबाबत अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी घालून दिलेले चार नियम जगभर शिकवले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असेच समजा. जे नष्ट करायची तयारी नाही, त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. निशाण कोणते आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा. हे चार नियम पाठ करायला पाच मिनिटे लागतात, अंगवळणी पडायला महिने लागतात, आणि सराव सुटला की विरूही लागतात. महिन्यातून एकदा रेंजवर जाणे जमणार नसेल, तर पिस्तूल घेण्याचा विचार तिथेच थांबवावा.

घरातल्या धोक्याबद्दल आपल्या समाजात सहसा उघड बोलले जात नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६ हजारांहून अधिक मृत्यू झाले. त्यांपैकी २७ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या. रस्त्यावरच्या अनोळखी चोराची भीती मनात धरून आणलेले शस्त्र घरातल्याच खचलेल्या माणसाच्या हाती लागण्याची शक्यता डोळ्यांआड करता येत नाही. नोकरी गेलेला नवरा, परीक्षेने पिचलेला मुलगा, एकाकी पडलेले वडील, ही माणसे मराठी घरांतही आहेत. आत्महत्येचा विचार अनेकदा तीव्र पण अल्पकाळ टिकणारा असतो. त्या काळात शस्त्र हाती न लागणे म्हणजे जीव वाचणे. घरात कोणी अशा काळातून जात असेल, तर शस्त्र कायदेशीर मार्गाने काही दिवस घराबाहेर ठेवावे. एरवीही बोटांच्या खुणेने किंवा अंकांनी उघडणारी भक्कम पेटी पिस्तुलासोबतच विकत घ्यावी. कपाटातल्या साड्यांखाली किंवा उशीखाली शस्त्र लपवले म्हणजे ते सुरक्षित झाले, असे होत नाही. मुलांना घरातल्या सगळ्या लपवायच्या जागा माहीत असतात.

मराठी वाचकांनी कायद्याचा आणखी एक भाग ध्यानात ठेवावा. अमेरिकी संघीय कायद्यानुसार एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या व्यक्तीला शस्त्र किंवा काडतूस बाळगण्यास सामान्यतः मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असल्यास सूट आहे, असे मोजके अपवाद आहेत. ग्रीनकार्डधारक आणि नागरिक यांना ते कायद्याच्या अटींत राहून घेता येते. व्हिसाधारकाने नागरिक मित्राच्या नावावर पिस्तूल घेणे हा गंभीर गुन्हा आहे. बेकायदा शस्त्र बाळगण्याची कमाल शिक्षा २०२२च्या कायद्याने १५ वर्षांपर्यंत वाढवली आहे, आणि व्हिसाधारकाला देशाबाहेर घालवले जाण्याचा धोका वेगळाच. घरात एक जोडीदार नागरिक आणि दुसरा व्हिसावर असेल, किंवा भारतातून आई-वडील राहायला आले असतील, तर पेटी कोणाला उघडता येते, हाही कायद्याचा प्रश्न होतो. अशा घराने वकिलाचा सल्ला घ्यावाच.

राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतात. टेक्सासचा परवाना न्यू जर्सी, न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियात चालत नाही. न्यू जर्सीत पोकळ टोकाच्या गोळ्यांवरही निर्बंध आहेत आणि बेकायदा बाळगण्याला कडक किमान शिक्षा आहे. डॅलसहून न्यू जर्सीतल्या एडिसनला गाडीने लग्नाला निघालेल्या कुटुंबाने आहेराच्या आधी हे पाहून घ्यावे. विमानतळांचे चित्र तर बोलके आहे: २०२३ मध्ये अमेरिकी विमानतळांच्या तपासणीत ६,७३७ शस्त्रे सापडली आणि त्यांपैकी सुमारे ९३ टक्के भरलेली होती. पकडले गेल्यावर ‘बॅगेत आहे हे विसरलो’ हेच उत्तर अनेकदा पुढे येते. जवळ भरलेले शस्त्र आहे, हेच जो विसरतो, त्याने ते बाळगू नये. आणि रेंजवर नेलेल्या बॅगेच्या कप्प्यात राहिलेले एक काडतूस घेऊन जो मुंबई किंवा दिल्लीला उतरतो, त्याच्यावर भारतीय शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. अशी प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली आहेत. रेंजची बॅग वेगळी, प्रवासाची वेगळी, हा नियम करावा.

महाराष्ट्रातली व्यवस्था याच्या अगदी उलट आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली इथे परवाना मागणाऱ्याला कारण सांगावे लागते आणि पोलिसांच्या चौकशीला सामोरे जावे लागते. २०१६च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचीही तरतूद केली, आणि २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येतात. तरीही १ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्वरची गोळी लागली. शस्त्र ठेवत असताना ते हातातून निसटले आणि गोळी सुटली, असे तेव्हा सांगण्यात आले. ना झटापट, ना हल्लेखोर. कायदा कडक असो वा सैल, घरात शस्त्र उचलण्या-ठेवण्याच्या साध्या क्षणी माणूस एकटाच असतो. त्या क्षणी कामी येते ती फक्त हाताला लागलेली सवय.

यावर एक आक्षेप येईल. हक्क हा हक्क असतो. त्याला अभ्यासक्रमाची अट कशाला? गरीब, कष्टकरी माणसाला, रात्री एकट्या फिरणाऱ्या बाईला अठरा तासांचा वर्ग आणि त्याचे शुल्क परवडत नाही. मग त्यांनी असुरक्षित राहायचे का? हा आक्षेप खोटा नाही. परवाने पूर्वी अनेक ठिकाणी ओळखीपाळखीने आणि माणसाचा रंग पाहून दिले-नाकारले जात, हा अमेरिकेचा इतिहास आहे. पण शुल्क जास्त असेल तर ते कमी करावे, वर्ग फुकट करावेत, शनिवार-रविवारी घ्यावेत. शिकण्याचीच गरज नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दुसऱ्या बाजूने कोणी म्हणेल की पिस्तुलाच्या देखभालीबद्दल लिहिणे म्हणजे त्याला प्रतिष्ठा देणे. आम्हाला ते पटत नाही. जे शस्त्र कायद्याने घरात आलेच आहे, त्याबद्दल गप्प राहिल्याने ते घर सुरक्षित होत नाही. अज्ञान हे काही शस्त्रविरोधाचे साधन नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींत मांडतो. पहिली, ज्या राज्यांनी परवाना काढला त्यांनी प्रशिक्षण स्वस्त, सहज आणि सर्वत्र उपलब्ध करून द्यावे. टेक्सासमध्ये ऐच्छिक परवाना आजही मिळतो आणि त्यासाठी वर्ग व चाचणी आहे, तो प्रत्येक बाळगणाऱ्याने घ्यावा. दुसरी, अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सव आणि दिवाळीच्या कार्यक्रमांबरोबरच वर्षातून एक दिवस घरातील शस्त्रसुरक्षा, व्हिसाचा कायदा आणि मानसिक आरोग्य यांवर जाणकारांना बोलवावे. हा विषय अशुभ समजून टाळण्याचे दिवस संपले आहेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रत्येकाने स्वतःला विचारायची आहे: महिन्याला रेंज, महिन्याला साफसफाई, घरात कुलूपबंद पेटी, अंगावर नीट होल्स्टर, आणि दर वेळी चेंबर तपासण्याची शिस्त, हे पाचही मी वर्षानुवर्षे पाळीन का? उत्तर ‘हो’ असेल तर ते पिस्तूल जबाबदार हातांत आहे. उत्तर ‘बघू’ असेल तर ते घेऊ नये. घराचे दिवे, भक्कम कुलपे, सोबत घेऊन चालण्याची सवय, वेळेवर केलेला पोलिसांना फोन, हीदेखील संरक्षणाचीच साधने आहेत, आणि ती चुकून सुटत नाहीत.